पालक एक की दोन? इपोहच्या तीन मुलांच्या धर्मांतराचे प्रकरण

एप्रिल २००९ मध्ये मलेशियातील पेराक राज्याच्या इपोह शहरात एका बालवाडी शिक्षिकेच्या हाती काही कागद पडले आणि आपली तिन्ही मुले सरकारदरबारी मुसलमान झाली आहेत, हे त्यांना त्या कागदांवरून कळले. थोरली मुलगी बारा वर्षांची होती, मुलगा अकरा वर्षांचा, आणि धाकटी मुलगी अवघी अकरा महिन्यांची. मोठी दोघे त्या दिवसांत आईजवळच राहत होती. त्यांना कोणी कोणत्या कार्यालयात नेले नव्हते, काही विचारले नव्हते, की त्यांच्याकडून काही म्हणवून घेतले नव्हते. वडिलांनी नेले होते ते त्यांचे जन्मदाखले, आणि कडेवर धाकटीला. जन्मदाखल्यांच्या आधारे धर्मांतराचे दाखले निघाले. त्यांवरची तारीख २ एप्रिल २००९ ही होती. हे तीन कागद रद्द करून घ्यायला त्यांच्या आईला जवळजवळ नऊ वर्षे लागली, आणि ते रद्द झाल्यानंतरही धाकटी मुलगी घरी आली नाही.

शिक्षिकेचे नाव एम. इंदिरा गांधी. हे नाव वाचून मराठी वाचक क्षणभर थबकेल, परंतु मलेशियातील तमिळ हिंदू समाजात अशी नावे आढळतात, आणि आधीचे ‘एम’ हे तमिळ रिवाजाप्रमाणे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आहे. मलेशियाच्या न्यायालयीन इतिहासात हे नाव आता एका खटल्याचे नाव म्हणून कायमचे नोंदले गेले आहे. अल्पसंख्याकांच्या धर्मस्वातंत्र्याची चर्चा सहसा जाळलेली मंदिरे, फोडलेली चर्चे आणि जमावाच्या घोषणा यांच्याभोवती फिरते. या प्रकरणात त्यांतले काहीच नाही. येथे एक नोंदणी कार्यालय आहे, दोन प्रकारची न्यायालये आहेत, राज्यघटनेतला एक शब्द आहे आणि न बजावलेले एक वॉरंट आहे. माझ्या मते धर्मस्वातंत्र्य खरोखर किती आहे हे जमावाच्या दंगलीपेक्षा अशा शांत कारकुनी व्यवहारात अधिक नेमके दिसते, आणि म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे.

पार्श्वभूमी

मलेशिया हा इराण किंवा सौदी अरेबियाच्या पठडीतला देश नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. २०२० च्या जनगणनेनुसार तेथे ६३.५ टक्के लोक मुसलमान, १८.७ टक्के बौद्ध, ९.१ टक्के ख्रिस्ती आणि ६.१ टक्के हिंदू आहेत. मंदिरे उघडी असतात, थैपुसम या तमिळ हिंदू सणाच्या दिवशी बातू लेण्यांतील मंदिरापाशी लाखोंची गर्दी लोटते, दिवाळीची सुटी असते. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाने इस्लाम हा संघराज्याचा धर्म ठरवला आहे, आणि त्याच वाक्यात इतर धर्म शांततेने व सलोख्याने आचरता येतील अशी हमीही दिली आहे. अकराव्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा व आचरण्याचा हक्क दिला आहे. मुसलमानांमध्ये अन्य धर्माचा प्रचार करण्यावर मात्र कायद्याने बंधन घालता येते.

ही रचना १९५७ च्या स्वातंत्र्याबरोबर आली. घटनेचा मसुदा तयार करणाऱ्या रीड आयोगात ब्रिटन व ऑस्ट्रेलियाच्या सदस्यांबरोबर भारताचे न्यायमूर्ती बी. मलिक आणि पाकिस्तानचे न्यायमूर्ती अब्दुल हमीद हेही होते. इस्लामला राज्यधर्माचे स्थान देणारे कलम आयोगाच्या बहुमताने सुचवलेले नव्हते. ते असावे असा आग्रह अब्दुल हमीद यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात धरला, आणि असे कलम निरुपद्रवी असते असे त्यात म्हटले. १९८८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही चे ओमर खटल्यात जवळपास तसाच अर्थ लावला: तिसऱ्या कलमातील इस्लाम हा विधी आणि समारंभांपुरता आहे, देशाचा कायदा धर्मनिरपेक्षच आहे.

पण त्याच १९८८ साली घटनेत १२१(१अ) हे पोटकलम घालण्यात आले. शरिया न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रातील कोणत्याही बाबीवर दिवाणी न्यायालयांना अधिकार राहणार नाही, असे त्याचे थोडक्यात शब्द. मुसलमान पतीपत्नींच्या वादात शरिया न्यायालयाने दिलेला निर्णय दिवाणी न्यायालयाने फिरवू नये, हा त्यामागचा हेतू होता, आणि तेवढ्यापुरता तो समजण्यासारखाही आहे. अडचण आली ती एक पक्ष मुसलमान आणि दुसरा बिगरमुसलमान असलेल्या वादांत. शरिया न्यायालयांचा अधिकार घटनेनेच फक्त इस्लाम मानणाऱ्या व्यक्तींपुरता ठेवलेला आहे, त्यामुळे हिंदू पत्नीला तेथे पक्षकार म्हणून उभेच राहता येत नाही. दिवाणी न्यायालय म्हणते, हा विषय धर्मांतराचा आहे, तिकडे जा. तिकडे गेले तर दारातच अडवले जाते. पुढची वीस-तीस वर्षे मलेशियातील कितीतरी हिंदू, ख्रिस्ती आणि बौद्ध कुटुंबांची अशीच फरफट झाली.

डिसेंबर २००५ मध्ये मलेशियाच्या एव्हरेस्ट मोहिमेत सहभागी झालेल्या मूर्ती मणियम यांचे निधन झाले. ते हिंदूच होते असे पत्नी सांगत होती आणि त्यांनी इस्लाम स्वीकारला होता असे धार्मिक खाते म्हणत होते. उच्च न्यायालयाने आपल्याला अधिकार नाही असे सांगितले आणि त्यांचा दफनविधी इस्लामी पद्धतीने झाला. मे २००७ मध्ये ख्रिस्ती झालेल्या लीना जॉय यांची, ओळखपत्रावरील ‘इस्लाम’ हा शब्द काढावा ही मागणी संघीय न्यायालयाने, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, दोन विरुद्ध एक मतांनी फेटाळली. त्याच वर्षाच्या अखेरीस सुभाषिणी खटल्यात त्याच न्यायालयाच्या बहुमताने सांगितले की, अल्पवयीन मुलाचे धर्मांतर आईबापांपैकी एकाच्या संमतीने करता येते, कारण घटनेच्या बाराव्या कलमात ‘पालक’ हा शब्द एकवचनी आहे. इंदिरा यांच्या पतीने मार्च २००९ मध्ये इस्लाम स्वीकारला तेव्हा कायद्याची ही स्थिती होती.

दाखला कसा निघाला

दोघांचा विवाह १९९३ मध्ये, बिगरमुसलमानांना लागू असलेल्या १९७६ च्या विवाह व घटस्फोट कायद्याखाली झाला होता. त्या कायद्याच्या ५१ व्या कलमात एक विचित्र पोकळी होती. जोडीदारांपैकी एकाने इस्लाम स्वीकारला तर घटस्फोटाचा अर्ज करण्याचा हक्क फक्त धर्म न बदललेल्या जोडीदाराला होता, तोही तीन महिने उलटल्यावर. धर्म बदललेल्याला दिवाणी न्यायालयात जायची वाटच नव्हती. साहजिकच तो शरिया न्यायालयाकडे वळे, आणि तेथे मुलांचा ताबा मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मुलेही मुसलमान असल्याचा दाखला पुढे करणे. माणसे धर्म का बदलतात हे त्यांचे त्यांना ठाऊक, आणि या गृहस्थांच्या श्रद्धेबद्दल शंका घेण्याचे मला कारण नाही. परंतु मोडत आलेल्या संसारात मुलांचे धर्मांतर हे ताब्याच्या लढाईतले हत्यार होईल, अशी सोय कायद्यानेच करून ठेवली होती, हे नाकारता येत नाही.

घटनाक्रम हेच सांगतो. ११ मार्चला पतीने इस्लाम स्वीकारला. २ एप्रिलला मुलांचे दाखले. ८ एप्रिलला शरिया न्यायालयाकडून तिन्ही मुलांचा तात्पुरता ताबा. सप्टेंबरअखेर कायमचा ताबा. सगळे मिळून सात महिनेही लागले नाहीत. या काळात आईचे म्हणणे ऐकून घेण्यात आले नाही.

दाखल्यावर नाव लागल्याने मुलाच्या आयुष्यात काय बदलते, हे येथे सांगायला हवे. नाहीतर हा केवळ कागदाचा वाद वाटेल. मलेशियात ओळखपत्रावर मुसलमान व्यक्तीचा धर्म छापलेला असतो. शाळेत त्या मुलाला इस्लामी शिक्षणाच्या तासाला बसावे लागते. मोठेपणी बिगरमुसलमानाशी लग्न करायचे तर जोडीदाराने धर्म बदलावा लागतो. वारसाहक्क वेगळ्या कायद्याने ठरतो. आणि बाहेर पडायचे झाल्यास परवानगी शरिया न्यायालयाकडे मागावी लागते, जी क्वचितच मिळते. दार आत उघडणारे आहे, बाहेर उघडणारे नाही. म्हणून अकरा महिन्यांच्या मुलीच्या नावे निघालेला तो कागद तिच्या साऱ्या आयुष्याची आखणी करणारा होता.

आपल्याकडच्या वाचकाने फार नाक मुरडण्याआधी एक गोष्ट आठवावी. भारताच्या १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार, जो हिंदू राहिला नाही त्याला आपल्या अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून काम करता येत नाही. धर्म बदलल्याने पालकत्वावर परिणाम व्हावा ही कल्पना केवळ इस्लामी देशांची नाही.

नऊ वर्षांची न्यायालयीन वाट

इंदिरा यांनी दोन वाटांनी लढा दिला. पहिली ताब्याची. ११ मार्च २०१० रोजी, म्हणजे पतीच्या धर्मांतराला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, इपोहच्या उच्च न्यायालयाने तिन्ही मुलांचा ताबा त्यांना दिला आणि धाकटीला आईकडे परत आणून देण्याचा आदेश दिला. तो पाळला गेला नाही. आता एकाच मुलीबद्दल दोन न्यायालयांचे दोन परस्परविरुद्ध आदेश अस्तित्वात होते.

दुसरी वाट दाखल्यांना आव्हान देण्याची. येथे त्यांच्या वकिलांनी, ज्यांत पुढे केंद्रीय मंत्री झालेले एम. कुलसेगरन हेही होते, प्रश्न फार विचारपूर्वक मांडला. मुले मुसलमान आहेत की हिंदू हे ठरवा, असे त्यांनी न्यायालयाला म्हटले नाही. तसे म्हटले असते तर १२१(१अ) चा दरवाजा लगेच बंद झाला असता. मुअल्लफ निबंधकाने, म्हणजे नवमुसलमानांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने, हे दाखले कायद्यात सांगितलेल्या अटी पाळून दिले का, एवढेच त्यांनी विचारले. हा धर्माचा प्रश्न राहिला नाही, सरकारी अधिकाऱ्याच्या कृतीचा झाला.

आणि अटी तर अगदी स्पष्ट होत्या. पेराक राज्याच्या २००४ च्या अधिनियमातील ९६ व्या कलमानुसार इस्लाम स्वीकारणाऱ्याने श्रद्धेच्या कलिम्याची दोन वाक्ये समजण्याजोग्या अरबीत उच्चारली पाहिजेत, उच्चारताना त्यांचा अर्थ त्याला ठाऊक असला पाहिजे, आणि हे त्याने स्वतःच्या इच्छेने केले पाहिजे. १०६ व्या कलमानुसार व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर त्याशिवाय पालकाची लेखी संमती हवी. मोठी दोन मुले त्या कार्यालयात गेलीच नव्हती. आणि तिसरी? जिने अजून पहिला वाढदिवस पाहिला नव्हता, तिने समजण्याजोग्या अरबीत दोन वाक्ये म्हटली, अर्थ जाणून आणि स्वेच्छेने, असे तो दाखला कायद्याच्या भाषेत सांगत होता. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत बोलकी वाटते ती ही गोष्ट. इस्लामी कायद्याने धर्मांतर हलक्या हाताने करू नये म्हणून जी काळजी घेतली होती, तीच कार्यालयात वाऱ्यावर सोडली गेली.

२५ जुलै २०१३ रोजी न्यायमूर्ती ली स्वी सेंग यांनी दाखले रद्द केले. अटी पाळल्या नाहीत, आईला बाजू मांडू न देऊन नैसर्गिक न्यायाचे तत्त्व मोडले, आणि घटनेने दिलेल्या हक्कांचाही भंग झाला, असे त्यांनी म्हटले. विरुद्ध बाजूने अपील केले. ३० डिसेंबर २०१५ रोजी अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तो निर्णय फिरवला. बहुमताचा आधार पेराक अधिनियमातील १०१ वे कलम होते, ज्यानुसार धर्मांतराचा दाखला हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. व्यक्ती मुसलमान आहे की नाही हा विषय शरिया न्यायालयाचाच, असे त्यांचे म्हणणे. एका अर्थी युक्तिवाद गोल फिरून परत तेथेच येतो: दाखला खरा का, तर दाखल्यात तसे लिहिले आहे म्हणून. न्यायमूर्ती हमीद सुलतान अबू बकर यांनी या बहुमताला विरोध नोंदवला.

शेवटी २९ जानेवारी २०१८ रोजी पुत्राजाया येथे संघीय न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती झैनुन अली यांचे होते. पीठावर रिचर्ड मलांजुमही होते, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी लीना जॉय खटल्यात एकट्याने विरोधी मत दिले होते. पाचांपैकी बहुतेक न्यायाधीश मुसलमान होते, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण अशा खटल्यांची कहाणी परदेशात सांगताना सरळ दोन धर्मांची झुंज म्हणून रंगवली जाते, आणि ती तशी नव्हती.

निकालात दोन मोठे मुद्दे आहेत. पहिला अधिकारक्षेत्राचा. सरकारी अधिकाऱ्याची कृती कायद्यात बसते का हे तपासण्याचा अधिकार दिवाणी वरिष्ठ न्यायालयांचा आहे, तो घटनेच्या पायाभूत चौकटीचा भाग आहे, आणि १२१(१अ) ने तो काढून घेतलेला नाही, असे न्यायालयाने सांगितले. पायाभूत चौकटीची, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या घटनेच्या गाभ्याची, ही कल्पना भारतातली. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मांडली, १९७७ मध्ये मलेशियाच्या न्यायालयाने ती आपल्याला लागू नाही म्हणून बाजूला सारली, आणि २०१७ मध्ये जमीन संपादनाच्या एका खटल्यात याच झैनुन अलींनी तिला पुन्हा दार उघडून दिले. केरळमधल्या एका मठाधिपतीच्या जमिनीच्या भांडणातून निघालेले तत्त्व पंचेचाळीस वर्षांनी इपोहच्या एका शिक्षिकेच्या कामी आले.

दुसरा मुद्दा त्या एका शब्दाचा.

‘पालक’ या शब्दाचे वचन

बाराव्या कलमाचे चौथे पोटकलम मुळात शिक्षणाविषयी आहे. तिसरे पोटकलम म्हणते की, कोणालाही आपल्या नसलेल्या धर्माचे शिक्षण घेण्याची सक्ती करता येणार नाही. चौथे त्याला जोडून सांगते की, या कामासाठी अठरा वर्षांखालील व्यक्तीचा धर्म त्याचा पालक किंवा संरक्षक ठरवील. शाळेतल्या तासासाठी घातलेले हे एक वाक्य पुढे देशभरच्या मुलांच्या धर्मांतराचा कायदा होऊन बसले.

इंग्रजी पाठात येथे एकवचन आहे. मराठीत ही अडचण आलीच नसती, कारण ‘पालक’ एक असो की दोन, शब्दाचे रूप बदलत नाही. शाळेच्या सूचनाफलकावर ‘पालकांनी सही करावी’ असे वाचून किती सह्या हव्यात हे आपण व्यवहाराने ओळखतो. मलयमध्ये मात्र फरक डोळ्यांत भरतो. ‘इबु बापा’ म्हणजे आईबाप, दोघे मिळून. मध्ये ‘अताउ’ घातले, ‘इबु अताउ बापा’ केले, की ‘आई किंवा बाप’ होते, दोघांपैकी कोणीही एक. घटनेच्या मलय भाषांतरात हा ‘अताउ’ आहे, आणि एकट्या बापाची संमती पुरे असे म्हणणाऱ्यांचा त्यावर भर होता.

न्यायालयाने मलय भाषांतराचा विचार केला आणि तो पाठ अद्याप रीतसर प्रमाण म्हणून घोषित झालेला नसल्याने, १६०ब कलमानुसार इंग्रजी पाठच धरला. मग घटनेच्याच अकराव्या परिशिष्टाकडे पाहिले, ज्यात एकवचनी शब्दात अनेकवचनाचाही समावेश होतो असा अर्थनिर्णयाचा नियम आहे. १९६१ च्या अज्ञान पालकत्व कायद्यात आईला वडिलांच्या बरोबरीचे हक्क दिलेले आहेत, हेही जोडले. आणि एक अगदी घरगुती शहाणपणाचा मुद्दा मांडला: एकाच पालकाची संमती पुरेशी मानली, तर एकाने आज मुलाचा धर्म बदलावा आणि दुसऱ्याने उद्या पुन्हा पालटावा, याला अंत कुठे? दोघेही हयात असतील तर दोघांची संमती हवी, असा निष्कर्ष निघाला. तिन्ही दाखले रद्द झाले.

तोवर थोरली दोन मुले सज्ञान झाली होती. पालकाच्या संमतीचा प्रश्न त्यांच्यापुरता संपलेलाच होता. निकालाचा प्रत्यक्ष उपयोग व्हायचा तो धाकटीला, आणि ती नऊ वर्षे कोणाच्या नजरेस पडली नव्हती.

वॉरंट

प्रकरणाचा हा भाग सांगायला थोडका आहे, पण माझ्या दृष्टीने बाकीच्या सगळ्याहून वजनदार. मे २०१४ मध्ये, दाखल्यांवरचे अपील चालू असतानाच, इपोहच्या उच्च न्यायालयाने मुलीला परत न केल्याबद्दल वडिलांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले आणि त्यांना अटक करण्याचे आदेश पोलिसांना दिले. तत्कालीन पोलीस महानिरीक्षक खालिद अबू बकर यांनी, दोन न्यायालयांचे दोन आदेश असताना पोलिसांनी कोणाचा पाळावा, असा पवित्रा घेतला आणि मुलांना तोवर एखाद्या बालकल्याण केंद्रात ठेवावे असे सुचवले. अपील न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पोलिसांना मोकळीक दिली. एप्रिल २०१६ मध्ये संघीय न्यायालयाने ती मोकळीक काढून घेतली आणि अवमानाचे अटक वॉरंट बजावा, असे महानिरीक्षकांना बजावले.

वॉरंट बजावले गेले नाही. २०१८ च्या निकालानंतर तर दोन आदेशांची सबबही उरली नव्हती. सरकार बदलले, महानिरीक्षक बदलले. २०२० मध्ये तत्कालीन महानिरीक्षकांनी वडिलांचा ठावठिकाणा आपल्याला माहीत आहे, पण शेवट सर्वांच्या समाधानाचा व्हावा, अशा आशयाचे विधान केले. सर्वोच्च पदावरचा पोलीस अधिकारी न्यायालयाच्या वॉरंटाकडे कौटुंबिक समेटाच्या नजरेने पाहतो, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. त्याच वर्षी इंदिरा यांनी पोलीस महानिरीक्षक व सरकार यांच्यावर दहा कोटी रिंगिटच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला.

याचा अर्थ २०१८ चा निकाल निष्फळ ठरला असा नाही. पर्लिस राज्याने २०१६ मध्ये आपल्या अधिनियमात ‘आई किंवा बाप’ असा बदल करून घेतला होता, आणि २०२० मध्ये तेथे एका बापाने आईला न विचारता आपल्या तीन मुलांचे धर्मांतर केले. ते प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा अपील न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये इंदिरा गांधी निकालाच्याच आधारे ती धर्मांतरे रद्द केली, आणि मे महिन्यात संघीय न्यायालयाने राज्याला पुढे अपिलाची परवानगी नाकारली. त्या आईजवळ तिची मुले आहेत. कायदेमंडळ मात्र मागेच राहिले. मुलांनी आईबापांच्या लग्नाच्या वेळच्या समान धर्मातच वाढावे, असे मंत्रिमंडळाने एप्रिल २००९ मध्ये, म्हणजे हे प्रकरण ताजे असतानाच, जाहीर केले होते. त्यासाठीचे ८८अ कलम २०१६ मध्ये विवाह व घटस्फोट कायद्याच्या दुरुस्ती विधेयकात आले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये मागे घेतले गेले; राहिली ती ५१ व्या कलमातील सुधारणा, जिच्यामुळे आता धर्म बदललेल्या जोडीदारालाही दिवाणी न्यायालयात घटस्फोट मागता येतो. इंदिरा यांच्या पतीसमोर ही वाट २००९ मध्ये असती तर पुढचे किती टळले असते, कोण जाणे.

धाकट्या मुलीचा जन्म २००८ चा. २०२६ मध्ये ती अठरा वर्षांची होते, आणि त्या दिवसापासून बाराव्या कलमाचे चौथे पोटकलम तिला लागू राहत नाही. तिचा धर्म कोणता हे ठरवायला मग आई, बाप किंवा दोघे यांच्यापैकी कोणाचीही संमती लागणार नाही. ज्या आईला ती ओळखते की नाही हेही सांगता येत नाही, तिचा ताब्याचा आदेशही त्याच दिवशी कालबाह्य होतो.